एम१६ टॉवर बोल्ट, ५.६ वर्ग : वापरानंतरचे परीक्षण

रायगड जिल्ह्यात खाडीलगत असलेल्या एका कारखान्याच्या स्वतःच्या १३२ के.व्ही. वाहिनीवर जुने जाळीचे पोलादी टॉवर आहेत. त्यांच्या खालच्या भागातील गंजलेले दुय्यम अँगल आणि जवळजवळ सगळे नट-बोल्ट बदलण्याचे काम आमच्याकडे होते. त्यासाठी एम१६ मापाचे, म्हणजे १६ मि.मी. व्यासाचे, ५.६ या ताकदीच्या वर्गाचे, गरम जस्तात बुडवून काढलेले षट्कोनी डोक्याचे टॉवर बोल्ट मुंबईतील एका विक्रेत्यामार्फत मागवले. माल पंजाबातील एका उत्पादकाचा होता. सोबत नट आणि स्प्रिंग वायसर त्याच पुरवठ्यात आले. दोघांची नावे येथे देत नाही, कारण जे दोष आढळले ते मी पाहिलेल्या एका खेपेचे आहेत आणि त्यावरून कोणाच्या सगळ्या मालाबद्दल मत बनवणे योग्य होणार नाही. निकाल आधीच सांगतो, म्हणजे पुढचा तपशील कोणी घाईत वगळला तरी हरकत नाही: बोल्ट उत्तम आहेत, नट तपासल्याशिवाय घेऊ नयेत, स्प्रिंग वायसर समुद्राकाठच्या हवेला पुरे पडणारे नाहीत, आणि मापांची वर्गवारी करून माल पाठवण्याची शिस्त विक्रेत्याने अजून शिकायची आहे.

टॉवर बोल्टाला भारतीय मानकांत स्वतंत्र स्थान आहे. आय.एस. १२४२७ हे मानक केवळ पारेषण टॉवरच्या बोल्टांसाठी आहे. दुकानात सहज मिळणारा साधा काळा किंवा जस्तलेपित बोल्ट वेगळ्या मानकाचा असतो. दोघांचा व्यास एकच, डोके एकच, पानाही एकच लागतो, आणि त्यामुळे पुष्कळ ठिकाणी खरेदी विभाग स्वस्त पर्याय निवडून मोकळा होतो. फरक आट्यांच्या लांबीत आहे. साध्या एम१६ बोल्टाला नेहमीच्या नियमाने साधारण ३८ मि.मी. लांबीचे आटे असतात, म्हणजे ४० मि.मी. लांबीचा साधा बोल्ट जवळजवळ डोक्यापर्यंत आट्यांनी भरलेला असतो. टॉवर बोल्टाचे आटे मुद्दाम आखूड ठेवलेले असतात आणि डोक्याखालचा दांडा काही अंतरापर्यंत गुळगुळीत व पूर्ण जाडीचा राहतो. आलेल्या खेपेतील निरनिराळ्या लांबीचे बोल्ट मी व्हर्नियरने मोजले, तेव्हा प्रत्येक मापात गुळगुळीत भाग पहिल्या अँगलची जाडी ओलांडून पुढे जात होता. हे या मालाचे सर्वांत मोठे गुणवैशिष्ट्य आहे आणि टॉवर बोल्ट म्हणून जास्तीचे पैसे द्यायचे ते याच भागासाठी.

त्याचे कारण जोडाच्या कामात आहे. जाळीच्या टॉवरमध्ये अँगल एकमेकांवर टेकवून बोल्टाने बांधलेले असतात आणि भार त्यांना एकमेकांवरून सरकवू पाहतो. बोल्ट या सरकण्याला आडवा येतो, म्हणून दोन अँगल जेथे एकमेकांना भिडतात त्या पातळीवर तो कातरला जाऊ पाहतो. ही पातळी गुळगुळीत दांड्यात पडली तर कातरायला १६ मि.मी. व्यासाचे पूर्ण क्षेत्र, म्हणजे २०१ चौरस मि.मी., मिळते. तीच पातळी आट्यांत पडली तर हिशेबात धरता येणारे क्षेत्र सुमारे १५७ चौरस मि.मी. उरते. आय.एस. ८०२ या पारेषण टॉवरच्या रचनेच्या मानकात ५.६ वर्गाच्या बोल्टासाठी कातरीचा मान्य ताण प्रति चौरस मि.मी. ३१० न्यूटन आहे. गुणाकार केला तर पूर्ण दांड्याची ताकद ६२ किलोन्यूटनच्या थोडी वर, आणि आट्यांची सुमारे ४९ किलोन्यूटन येते. बोल्ट तोच, पोलाद तेच, डोक्यावरचा ५.६ चा आकडाही तोच असताना पाचव्या हिश्श्याहून अधिक ताकद केवळ आटे चुकीच्या जागी आल्यामुळे जाते. हे आकडे वाहिनीच्या अंतिम भाराशी ताडून पाहण्याचे आहेत, रोजच्या भाराशी नव्हे. त्यांच्यावर आणखी एखादा सुरक्षा गुणांक दडलेला आहे अशी समजूत करून घेऊ नये.

आखूड आट्यांची किंमतही मोजावी लागते, आणि ती लांबीच्या काटेकोरपणात. पूर्ण आट्यांचा बोल्ट पाच-दहा मि.मी. लांब असला तरी नट शेवटपर्यंत जातो आणि जोड आवळला जातो. टॉवर बोल्टाचे तसे नाही. पाच-पाच मि.मी. जाडीचे दोन अँगल घेतले तर पकड, म्हणजे बोल्टाने धरायची एकूण जाडी, १० मि.मी. झाली, त्यावर साडेतीन मि.मी. जाडीचा स्प्रिंग वायसर, त्यावर पंधरा मि.मी.च्या आसपास उंचीचा नट, आणि नटाबाहेर किमान ३ व फार तर ८ मि.मी. आटे दिसावेत ही टॉवरच्या कामातील रूढ अट. हिशेब ३५ मि.मी. लांबीवर येऊन थांबतो. तेथे ४० चा बोल्ट घातला तर गुळगुळीत दांडा अँगलच्या बाहेर वायसरमध्ये, कधी वायसरच्याही पलीकडे, येतो. नट आट्यांच्या टोकाशी जाऊन अडतो आणि पान्याला तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण जोड मात्र सैलच राहतो. आमच्या कामावर एका फिटरने असाच ‘घट्ट’ झालेला नट दाखवला. वायसर बोटाने ढकलल्यावर नटाखाली मोकळा फिरत होता, आणि दोन अँगलमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. पान्याच्या हातावर येणाऱ्या जोरावरून हे कळत नाही. टॉर्क पाना लावला तरी तो ठरलेल्या आकड्यावर टिक् असा आवाज करून मोकळा होतो, कारण त्याला नट कशावर अडला आहे हे समजत नाही. म्हणून टॉवर बोल्ट वापरणाऱ्याने प्रत्येक जोडाची पकड मोजून लांबीचा तक्ता करावा लागतो आणि तो टॉवरवर चढणाऱ्या माणसाच्या खिशात असावा लागतो. ‘लांब आहे, चालेल’ ही सवय या बोल्टाबरोबर चालत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी हा माल घेऊन फायदा नाही, असे मी स्पष्टच म्हणेन.

विक्रेत्याने आम्हांला ५.६ ऐवजी ८.८ वर्गाचे बोल्ट घेण्याचा आग्रह केला होता. ‘साहेब, जास्त मजबूत आहेत’ हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, अपुरे होते. बोल्ट कातरण्याखेरीज जोड आणखी एका रीतीने निकामी होतो: बोल्ट शाबूत राहतो आणि अँगलमधल्या छिद्राची कड दबून छिद्र लांबट होते. साध्या पोलादाच्या अँगलसाठी या दाबाचा मान्य ताण ४३६ न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरला तर ५ मि.मी. जाडीच्या अँगलमध्ये १६ मि.मी. बोल्टामागे सुमारे ३५ किलोन्यूटनच मिळतात. ५.६ चा बोल्ट ६२ किलोन्यूटन घ्यायला तयार आहे, पण अँगल ३५ वरच हात टेकतो. तेथे ८.८ चा बोल्ट घालून जोडाच्या ताकदीत काहीही भर पडत नाही. बोल्टाची कातर आणि छिद्राचा दाब सारखे यायला अँगल ९ मि.मी.च्या आसपास जाडीचा हवा. आमच्या टॉवरवरील बदलायचे बहुतेक अँगल ४ ते ६ मि.मी. जाडीचे होते. शिवाय ८.८ च्या बोल्टात तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची क्षमता कमी असते, मानकात ५.६ साठी किमान २० टक्के वाढ मागितली आहे, ८.८ साठी १२ टक्के. मोठ्या व्होल्टेजच्या, जाड अँगलांच्या टॉवरमध्ये ८.८ ला निश्चित जागा आहे. आमच्या कामात ती नव्हती.

येथे चोखंदळ वाचक विचारील की पातळ अँगलमध्ये छिद्राची कडच आधी हार मानणार असेल, आणि आट्यांतून कातरला गेलेला बोल्टही ४९ किलोन्यूटन घेणार असेल, तर गुळगुळीत दांड्याचे एवढे कौतुक कशासाठी. प्रश्न रास्त आहे. पातळ ब्रेसिंगमध्ये, म्हणजे पायांना एकमेकांशी जोडणाऱ्या तिरक्या-आडव्या अँगलांत, आकडेमोडीने फरक पडत नाही हे खरेच. तरीही दोन कारणांनी मी आग्रह सोडत नाही. आटे छिद्राच्या कडेवर टेकले तर पूर्ण पृष्ठभाग न टेकता आट्यांची शिखरे टेकतात, ती जस्ताच्या लेपात आणि मग पोलादात रुततात, आणि छिद्र लवकर सैल होते. दुसरे म्हणजे टॉवरवर एकाच व्यासाचे बोल्ट पातळ ब्रेसिंगलाही लागतात आणि पायांच्या जाड अँगलांनाही लागतात. पायाच्या जोडात आतून-बाहेरून पट्ट्या असतात, एकाच बोल्टाला दोन पातळ्यांवर कातर येते, अँगल जाड असतात, आणि तेथे कातर हीच मर्यादा ठरते. एका टॉवरवर दोन जातीचे बोल्ट ठेवले तर ते उद्या एकमेकांत मिसळणार, आणि साधा बोल्ट नेमका पायाच्या जोडात जाऊन बसणार. आमच्या जुन्या टॉवरवर तसे झालेले होते.

जुने बोल्ट ४.६ वर्गाचे होते. त्या वर्गाला कातरीचा मान्य ताण २१८ न्यूटन, म्हणजे पूर्ण दांड्याला ४४ किलोन्यूटनच्या आसपास ताकद. त्यांच्या जागी ५.६ आल्याने कातरीत चांगली भर पडली. पण त्यावरून टॉवरची एकूण क्षमता वाढली असे अहवालात लिहिण्याचा मोह आवरावा, कारण बहुतेक जोडांत मर्यादा पूर्वीही छिद्राच्या कडेची होती आणि आजही तीच आहे. छिद्रापासून अँगलच्या टोकापर्यंतचे अंतर कमी असेल तर तीही मर्यादा आणखी खाली येते. गंजाने कड खाल्लेल्या अँगलला नवा कोरा बोल्ट घातल्याने काही साधत नाही, अँगलच बदलावा लागतो. एवढे सांगूनही कारखान्याच्या देखभाल विभागाला बोल्टच अधिक चकचकीत दिसले, ही गोष्ट वेगळी.

बोल्टाच्या ताकदीची चर्चा कातरीपाशीच संपते असा समज आहे, म्हणून एका मुद्द्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. टॉवरमधील बारीक अँगल दाबाखाली वाकून जातात, आणि ते किती भाराला वाकतील हे त्यांच्या टोकांना फिरण्याची मोकळीक किती आहे यावर अवलंबून असते. टोकाला एकच बोल्ट असेल तर अँगल त्याच्याभोवती फिरू शकतो; दोन बोल्ट असतील आणि ते ज्यावर बसले तो भाग पुरेसा ताठ असेल तर फिरणे अंशतः रोखले जाते. आय.एस. ८०२ मध्ये या फरकासाठी वेगवेगळी समीकरणे आहेत. लांबी आणि परिभ्रमण त्रिज्या (छेदाच्या आकारावरून निघणारे, ताठपणा दाखवणारे माप) यांचे गुणोत्तर २०० असलेला अँगल घ्या. दोन्ही टोकांना मोकळीक असेल तर हिशेबातही २०० च धरावे लागतात. दोन्ही टोके अंशतः रोखलेली असतील तर ४६.२ अधिक ०.६१५ गुणिले २००, म्हणजे सुमारे १६९ धरता येतात. वाकण्याची ताकद या संख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे तोच अँगल जवळजवळ ४० टक्के अधिक दाब घेतो. म्हणजे दुसऱ्या बोल्टाचे काम केवळ भार वाटून घेण्याचे नाही, अँगलला ताठ धरण्याचेही आहे. आणि हे तेव्हाच होते जेव्हा जोड खरोखर आवळलेला असतो. वर सांगितलेला, आट्यांच्या टोकाशी अडलेला नट कातरीच्या हिशेबात पूर्ण गुण मिळवतो, पण अँगलचे टोक धरून ठेवण्यात नापास होतो. या एका कारणासाठी मी लांबीच्या तक्त्याला बोल्टाच्या वर्गाहून अधिक महत्त्व देतो.

छिद्र बोल्टाहून दीड मि.मी. मोठे, १६ ला साडेसतरा, ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. रिव्हेटाच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. १८८९ च्या आयफेल टॉवरमधील सुमारे २५ लाख रिव्हेट तापवून ठोकलेले आहेत आणि तापलेला रिव्हेट ठोकताना छिद्र भरून टाकतो. बोल्ट छिद्र भरत नाही. भार वाढला की घर्षण सुटते, जोड थोडासा सरकतो आणि मग दांडा छिद्राच्या कडेला टेकतो. चाचणी केंद्रावर पूर्ण आकाराचा टॉवर ओढून पाहतात तेव्हा त्याचे शेंड्याचे झुकणे गणिताने काढलेल्या झुकण्याहून जास्त येते, त्यात या सरकण्याचा मोठा वाटा असतो. नाशिककडच्या घोटीला आणि नागपूरजवळ बुटीबोरीला अशी केंद्रे आहेत, बंगळूरला केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेचे आहे. सरकण्यामुळे अंतिम ताकद फारशी घटत नाही, असाच या विषयावरील अभ्यासाचा कल आहे. पण हे दीड मि.मी.च्या मोकळीकीबद्दल आहे, दोन छिद्रे जुळेनात म्हणून गॅसच्या ज्योतीने भोक मोठे करणाऱ्याबद्दल नाही. या खेपेतील दांड्यांचा व्यास एकसारखा होता आणि साडेसतराच्या भोकात बोल्ट हाताने सरळ जात होते, त्यामुळे हातोडा घेण्याची वेळ आली नाही. हातोड्याने ठोकून घातलेल्या बोल्टाचे जस्त कडेवर खरवडून निघते, आणि खाडीच्या हवेत गंज नेमका तेथूनच धरतो.

स्थळावर माल पोहोचल्यावर काही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. एम१६, ५.६ बोल्टाने किमान ७८.५ किलोन्यूटन ताण सोसला पाहिजे आणि डोक्याखाली तिरकस वायसर ठेवून ओढले असता तो आट्यांत तुटावा, डोक्याच्या सांध्यात नव्हे. सगळे नमुने आकड्याच्या वर गेले आणि आट्यांतच तुटले. तुटलेल्या टोकाशी बारीक झालेली मान स्पष्ट दिसत होती, पोलाद ठिसूळ नसल्याची ती खूण. डोक्यावर उत्पादकाची खूण आणि ५.६ हा आकडा ठसठशीत उठावात होता. जस्त चढल्यावरही वाचता येत होता, ही गोष्ट लहान वाटली तरी पाच वर्षांनी टॉवरवर चढून तपासणी करणाऱ्याला फार उपयोगी पडते. जस्ताची जाडी मापकावर पन्नास मायक्रोनच्या पुढे भरली आणि मोरचूदाच्या द्रावणात बुडवून केलेल्या चाचणीत लेप कोठे उघडा पडला नाही. बोल्टापुरते बोलायचे तर तक्रारीला जागा नाही.

नटांची गोष्ट निराळी. गरम जस्ताने बोल्टाचे आटे फुगतात, म्हणून नटाचे आटे जस्त चढवल्यानंतर थोडे मोठे पाडतात. त्यामुळे नटाच्या आतल्या आट्यांवर जस्त नसते, त्यांना बोल्टावरचे जस्त सांभाळते. ही पद्धत सर्वमान्य आहे. आटे पाडताना जपावे लागते. कमी पाडले तर नट बसत नाही, जास्त पाडले तर नट व बोल्ट यांचे आटे एकमेकांत पुरेसे गुंतत नाहीत आणि बोल्ट तुटण्याआधी आटे सोलून निघतात. आमच्या खेपेत दोन्ही प्रकार आढळले. बहुतेक नट बोटांनी शेवटपर्यंत फिरत होते, तसेच फिरायला हवेत. एका मापाच्या गोणीत मात्र नट अर्ध्यावर अडत होते, कारण बोल्टाच्या आट्यांत जस्ताचे थेंब राहिले होते. आणि काही नट एवढे सैल होते की दोन-तीन आट्यांवर धरून हलवले तर खुळखुळत. अडणाऱ्या बोल्टांवर डाय, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवून आटे साफ करून देतो, अशी तयारी विक्रेत्याने लगेच दाखवली. ती मी नाकारली. डाय फिरवल्यावर बोल्टाच्या आट्यांवरचे जस्त जाते आणि नटात तर ते मुळातच नसते, मग त्या जोडात गंजाला अडवणारे काहीच राहत नाही. खाडीकाठी असा बोल्ट नटाशी गंजून एकजीव होतो आणि पुढच्या वेळी ग्राइंडरशिवाय निघत नाही. शेवटी त्या मापाचे नट-बोल्ट जोडीने बदलून मिळाले. बदलून देताना विक्रेत्याने वाद घातला नाही, वाहतूकही स्वतः सोसली, हे नोंदवणे न्याय्य आहे. सैल नट मात्र आम्हीच निवडून बाजूला काढावे लागले, आणि ते काम विकत घेणाऱ्याचे नाही.

स्प्रिंग वायसरबद्दल माझे मत आधीपासूनच फारसे चांगले नव्हते आणि या खेपेने ते सुधारले नाही. एम१६ साठी साडेतीन मि.मी. जाडी अपेक्षित असते. मोजलेले बहुतेक तेवढे होते, काही तीनच्या जवळ. त्यांच्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेले पातळ जस्त असते, कारण स्प्रिंगच्या कडक पोलादाला आम्लात आणि गरम जस्तात बुडवण्याचे धोके आहेत. परिणामी जोडातील सर्वांत पातळ लेपाचा तुकडा हाच असतो, आणि पहिला पावसाळा संपताच नटाखालून उतरणारे तांबूस ओघळ याच तुकड्याचे होते. वायसरमुळे नट सुटत नाही, हा विश्वासही तपासून घ्यावा असा आहे. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्येच दाखवून दिले की जोडाला आडवे हादरे बसत राहिले तर नट स्वतःच फिरून सैल होतो, आणि त्याच्या पद्धतीने पुढे झालेल्या चाचण्यांत स्प्रिंग वायसर त्याला विशेष रोखत नाही असेच दिसले. तारांना वाऱ्याने येणारी थरथर टॉवरपर्यंत पोहोचतेच. म्हणून टॉवरवर नट बसल्यानंतर बाहेर आलेल्या आट्यांवर तीन ठिकाणी पंचाने ठोकण्याची पद्धत आहे, आणि माझा भरवसा वायसरपेक्षा त्या तीन खुणांवर अधिक आहे. या बोल्टांचे पोलाद पंच नीट घेते, आट्याचा कपचा उडत नाही.

जमिनीलगतच्या भागासाठी याच पुरवठादाराकडून चोरीरोधक नट घेतले होते. त्यांचा षट्कोनी भाग ठरावीक जोरावर तुटून पडतो आणि मागे पाना न लागणारा गोल नट उरतो. अँगलची चोरी ही आपल्याकडे खरी अडचण आहे, आणि खालच्या भागातील दोन-तीन ब्रेसिंग नाहीसे झाले की पायाच्या अँगलची विनाआधार लांबी वाढून टॉवर वादळाची वाट पाहत उभा राहतो. तेव्हा हे नट लावावेच लागतात. तुटण्याचा जोर सगळ्या नटांत सारखा वाटला, यात काही खोड नाही. खोड तुटलेल्या कडेवर आहे. तेथे उघडे पोलाद दिसते आणि त्यावर जस्तयुक्त रंग हाताने लावावा लागतो, तो लावायचे फिटर हमखास विसरतात. नट वेल्डिंगने टाचून टाकण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे तरी बरे, कारण वेल्डिंगने आजूबाजूचे जस्तही जळते.

माल दुहेरी गोणपाटात आला, प्रत्येक गोणीला मापाचे लेबल होते. पण ३५ च्या गोणीत ४० चे बोल्ट मूठभर निघाले, आणि एका गोणीत तर ४५ चेही. साध्या बोल्टांच्या व्यवहारात याची कोणी दखल घेत नाही. टॉवर बोल्टाच्या बाबतीत हा सर्वांत गंभीर दोष मानावा लागतो, कारण जमिनीवर पाच मि.मी.चा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि तीस मीटर उंचीवर पट्ट्याने लोंबकळणारा माणूस हाताला लागेल तो बोल्ट घालतो. आम्ही स्टोअरमध्ये लोखंडी पट्टीत लांबीनुसार खाचा पाडून प्रत्येक बोल्ट त्यातून काढूनच वर पाठवला. मुकादमाला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटला. बाजूला काढलेल्या बोल्टांचा ढीग वाढला तेव्हा त्याने स्वतःच त्यासाठी एक माणूस लावून दिला. उत्पादकाने डोक्यावर वर्गाबरोबर लांबीही कोरली तर हा त्रास मुळातच राहणार नाही.

हाच माल पुन्हा घ्यायचा झाला तर बोल्ट याच उत्पादकाचे मागवीन. नट मात्र प्रत्येक मापाच्या बोल्टावर पूर्ण फिरवून दाखवण्याच्या अटीवर आणि आटे सोलून निघण्याच्या चाचणीचा दाखला घेऊनच स्वीकारीन. वायसरची जाडी खरेदी आदेशात आकड्याने लिहीन. ज्यांचे टॉवर समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत आहेत त्यांना वायसरबद्दलची माझी नापसंती अंमळ जास्त वाटेल. त्यांनी ती सोडून द्यावी. ज्यांना दोन-चार जोडांपुरते बोल्ट हवे आहेत त्यांनी आधी पकड मोजावी आणि मगच माप सांगावे, कारण या मालाच्या सुट्या विक्रीत ‘एक साइज मोठी घेऊन जा, कामाला येईल’ हा सल्ला हमखास मिळतो.